तीन वर्षांचा प्रकल्प आणि चार वर्षांचे चक्र

आर्क्टिकविषयी आपल्याकडे येणाऱ्या बातम्यांत वितळणारे हिमनग असतात, नव्या सागरी मार्गांचे राजकारण असते आणि चित्रापुरते एखादे पांढरे अस्वल असते. डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी आर्क्टिक मोहीम निघाली. स्वालबार्ड द्वीपसमूहातील आपले 'हिमाद्री' केंद्र त्यामुळे ध्रुवीय रात्रीच्या अंधारातही चालू राहिले. ही बातमी सर्वत्र गाजली, आणि गाजायलाच हवी होती. परंतु त्या थंड प्रदेशाकडून भारतीय विज्ञानाने शिकावी अशी एक गोष्ट या साऱ्या चर्चेत कधी येत नाही. ती आहे बर्फाखाली राहणाऱ्या, मुठीत मावेल एवढ्या एका प्राण्याच्या मोजणीची. आपल्या संशोधन-व्यवस्थेतील एक मोठी उणीव हा प्राणी जितक्या स्पष्टपणे दाखवतो, तितकी क्वचितच दुसरे कोणी दाखवत असेल, असे माझे मत आहे.

या प्राण्याचे नाव व्होल. मराठीत त्याला शब्द नाही आणि असण्याचे कारणही नाही, कारण सह्याद्रीत किंवा दख्खनच्या पठारावर तो राहत नाही. दिसायला तो उंदरासारखा असला, तरी घरातल्या उंदराचा तो सख्खा भाऊ नव्हे. हॅमस्टर आणि लेमिंग यांच्या कुळातला तो आहे. बोथट मुस्कट, केसांत जवळजवळ बुडालेले कान, आखूड शेपूट आणि बहुधा वीस ते पन्नास ग्रॅम वजन. गवत, शेवाळ, मुळे, कोवळी साल हा त्याचा आहार. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, रशिया आणि उत्तर अमेरिका यांच्या सूचिपर्णी अरण्यांत आणि त्यापलीकडच्या वृक्षहीन टुंड्रात त्याच्या अनेक जाती आहेत.

व्होल हिवाळ्यात झोपी जात नाही. एवढासा देह, उणे तीस अंशांची थंडी आणि तरीही जागेपण, हे जमते ते बर्फामुळेच. जमिनीची ऊब आणि वरचा जाड हिमथर यांच्या मध्ये एक अरुंद पोकळी तयार होते. बाहेर काहीही चालले असो, या पोकळीतले तापमान शून्याच्या आसपास टिकून राहते. तिथे व्होल बोगदे काढतो, गवताचे घरटे बांधतो, चरतो, आणि परिस्थिती अनुकूल असेल तर पिल्लेही घालतो. आपल्याला जे आच्छादन मृत्यूसारखे वाटते, ते त्याचे छप्पर असते.

त्याच्या प्रजननाचा वेग थक्क करणारा आहे. मादीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा. एका वेतात साधारण चार ते सहा पिल्ले, आणि व्याल्यानंतर लगेच ती पुन्हा गाभण राहू शकते. वसंतात जन्मलेल्या माद्या त्याच उन्हाळ्यात आई होतात. त्यामुळे व्होलांची संख्या वाढते यात नवल नाही. नवल आहे ते तिच्या लयीत. उत्तर स्कँडिनेव्हियाच्या मोठ्या भागात दर तीन ते पाच वर्षांनी ही संख्या शिखर गाठते आणि मग इतकी कोसळते, की शिखर आणि तळ यांत शंभरपटीहून अधिक अंतर पडू शकते. आदल्या वर्षी जिथे पावलागणिक बिळे होती, तिथे पुढच्या वर्षी दिवसभर शोधूनही एखादा व्होल सापडत नाही. पुन्हा दोन-तीन वर्षे गेली, की नवे शिखर. या लयीवर घुबडांची अंडी, कोल्ह्यांची पिल्ले आणि शिकारी पक्ष्यांचे स्थलांतर अवलंबून असते. व्होलांच्या शिखरवर्षी भरपूर अंडी घालणारी घुबडे दुष्काळाच्या वर्षी कित्येकदा घरटेच करत नाहीत.

ही लय विज्ञानाच्या ध्यानात कशी आली, ही कथा विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. चार्ल्स एल्टन हा ऑक्सफर्डचा तरुण १९२१ मध्ये विद्यापीठाच्या मोहिमेबरोबर स्वालबार्डच्या स्पिट्सबर्गन बेटावर गेला. १९२३ मध्ये तिथूनच परतताना, नॉर्वेतील ट्रोम्सो गावात रॉबर्ट कोलेट यांचे नॉर्वेच्या सस्तन प्राण्यांवरील पुस्तक त्याच्या हाती पडले. कोणत्या वर्षी लेमिंगांची झुंड उसळली, याच्या नोंदी त्यात होत्या. एल्टनला त्या वर्षांच्या रुक्ष यादीत नियमित अंतरे दिसली. १९२४ मध्ये त्याचा प्राणिसंख्येतील आवर्ती चढउतारांवरचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे त्याने कॅनडातील हडसन्स बे कंपनीच्या लोकर-कातड्यांच्या हिशेबवह्याही याच दृष्टीने वाचल्या. १९४२ मध्ये व्होल, उंदीर आणि लेमिंग यांवरील त्याचा प्रचंड ग्रंथ आला. आधुनिक परिसंस्थाशास्त्राच्या एका मोठ्या शाखेचा पाया अशा रीतीने दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्याच हेतूने, कंटाळा न करता लिहून ठेवलेल्या नोंदींवर उभा आहे.

ही चक्रे का घडतात, याचे एकमेव उत्तर शंभर वर्षांनंतरही मिळालेले नाही. सर्वांत भक्कम मानले जाणारे स्पष्टीकरण भक्षकांचे आहे. लीस्ट वीझल नावाचा इवलासा मांसाहारी प्राणी इतका सडपातळ असतो, की व्होलच्या बोगद्यातच शिरून तो शिकार करतो. व्होल वाढले की वीझल वाढतात, पण थोड्या विलंबाने. वीझलांची संख्या शिखरावर पोचते तेव्हा व्होलांची घसरण सुरू झालेली असते, आणि ते भुकेले भक्षक उरल्यासुरल्यांनाही संपवतात. सारा खेळ त्या विलंबाचा आहे. दुसरे स्पष्टीकरण गवताचे: फार कुरतडले गेलेले गवत आपल्या पात्यांत सिलिकाचे प्रमाण वाढवते, ते खाल्ल्याने पोषण कमी मिळते आणि हा परिणाम काही काळ टिकतो. रोग, सामाजिक ताण, हिमाची प्रत अशी आणखीही कारणे पुढे आलेली आहेत. बहुधा ठिकाणागणिक त्यांचे मिश्रण बदलत असावे.

या वादात निवाडा करायचा तर हवी असते ती सलग मोजणी. ती दिसायला अगदी साधी असते. ठरलेल्या ओळींत, ठरलेल्या अंतरावर, वसंतात आणि शरदात सापळे लावायचे. शंभर सापळे एक रात्र लावले तर किती व्होल सापडले, हा आकडा लिहायचा. स्वीडनमधील उमिओ परिसरात हे काम १९७१ पासून चालू आहे. फिनलंडच्या वायव्य टोकावरील किल्पिसयार्वी येथील नोंदी तर १९४० च्या दशकापर्यंत मागे जातात. ज्यांनी ती सुरू केली, त्यांच्या निवृत्तीनंतर दुसऱ्यांनी त्याच ओळींत सापळे लावले. आता यातली खरी अडचण पाहा. तळाच्या वर्षी सापळे रिकामे निघतात. संशोधक थंडीवाऱ्यात आठवडा काढतो आणि वहीत शून्य लिहून परततो. त्या शून्यावर शोधनिबंध होत नाही, पदोन्नती मिळत नाही, बातमी तर मुळीच होत नाही. पण ते शून्य लिहिले गेले नाही, तर चक्रही दिसत नाही.

अशा नोंदी असल्यामुळेच गेल्या काही दशकांतील एक अनपेक्षित घटना नजरेस आली. स्वीडनमध्ये व्होलांची शिखरे बुटकी होत चालल्याचे दिसले. नॉर्वेच्या डोंगराळ फिन्से भागात १९९४ नंतर लेमिंगांची शिखरेच येईनाशी झाली, आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याचा संबंध बदललेल्या हिवाळ्याशी व हिमाच्या प्रतीशी जोडला. २०१३ मध्ये युरोपभरच्या व्होल-नोंदी एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असे आढळले, की चक्रांचा जोर अनेक ठिकाणी मंदावला असून हिवाळ्यातील वाढीचा दर घटणे हे त्यामागचे समान सूत्र आहे. हिवाळा सौम्य झाला तर एवढ्याशा जिवाला बरेच नव्हे का, असे आपल्या उष्ण प्रदेशातल्या बुद्धीला वाटते. पण सौम्य हिवाळा म्हणजे मध्येच बर्फ वितळणे, त्यावर पाऊस पडणे आणि मग ते पाणी जमिनीलगत गोठणे. छप्पर कोसळते, पोकळी भरून जाते आणि गवत काचेसारख्या थराखाली बंद होते.

तरीही कथा इथे संपत नाही. दक्षिण फिनलंडमध्ये नाहीशी झालेली चक्रे काही वर्षांनी पुन्हा दिसू लागली, आणि हवामानबदलाने चक्रे सर्वत्र संपली हा निष्कर्ष सरसकट खरा नसल्याचे २०१० मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवून दिले. हवामानबदलाच्या चर्चेत उत्साहाच्या भरात ठोकून दिलेली विधाने आपण रोज वाचतो. नाकारणाऱ्यांची आणि घाबरवणाऱ्यांची, दोन्ही. इथे मात्र एका बाजूची घाई दुसऱ्या बाजूच्या भाषणाने दुरुस्त झाली नाही. मोजणी थांबली नव्हती म्हणून ती दुरुस्त झाली.

या मोजणीचा उपयोग केवळ सिद्धान्तापुरता आहे असेही नाही. बँक व्होल या जातीच्या अंगात पुमाला नावाचा विषाणू वास करतो. त्याच्या लघवी-विष्ठेची वाळलेली धूळ श्वासातून गेली, की माणसाला मूत्रपिंडांवर परिणाम करणारा ताप येतो. हा रोग सहसा जीवघेणा नसतो. पण फिनलंडसारख्या लहान देशात वाईट वर्षी त्याच्या रुग्णांची संख्या हजारांत जाते. शरदात लोक लाकडाच्या वखारी झाडतात, बंद कुटिया उघडतात आणि व्होलही थंडीमुळे तिथेच आसरा शोधतात. व्होलांचे शिखरवर्ष ओळखता आले, की पुढच्या हंगामातील तापाचा अंदाज देता येतो आणि तो तिथे दिलाही जातो.

हा विषाणू ज्या हान्टाव्हायरस गटातला आहे, त्या गटाशी भारताचे नाते जुने आहे. या गटातील प्रयोगशाळेत वेगळा केला गेलेला पहिला विषाणू तमिळनाडूतील वेल्लोरजवळच्या थोट्टापालयम येथे १९६४ मध्ये एका चिचुंद्रीत सापडला. तो कोणत्या कुळातला, हे मात्र कोरियातील हान्टान विषाणूचा शोध लागल्यानंतरच उमगले.

आता स्वालबार्डकडे येतो, कारण आपले केंद्र तिथे आहे. या द्वीपसमूहावर मूळचा एकही व्होल नाही, लेमिंगही नाही. तरीही इसफ्योर्ड या खाडीच्या काठी, ग्रुमांत नावाच्या ओसाड रशियन खाणवस्तीच्या परिसरात व्होल राहतात. विसाव्या शतकात गुराढोरांसाठी रशियातून आणलेल्या वैरणीबरोबर ते आले असावेत. वस्ती १९६० च्या दशकात उठली, पण व्होल राहिले. समुद्रपक्ष्यांच्या कड्यांखाली, विष्ठेच्या खतावर माजलेल्या गवतात. आधी त्यांना युरोपातील सामान्य व्होल समजले गेले. १९९० मध्ये गुणसूत्रे मोजल्यावर ती ४६ नसून ५४ निघाली आणि हे पूर्व युरोपातील व्होल असल्याचे सिद्ध झाले. डोळ्यांना अगदी एकसारख्या दिसणाऱ्या दोन जाती गुणसूत्रांच्या संख्येवरून वेगळ्या कळतात, हे उदाहरण जीवशास्त्राच्या पदवी-वर्गात सांगण्याजोगे आहे.

त्यांच्या येण्याने एक वेगळेच दार उघडले. कोल्ह्याच्या आतड्यात राहणारा एक पट्टकृमी आपले जीवनचक्र पुरे करण्यासाठी व्होलसारखा मधला यजमान शोधतो. आर्क्टिक कोल्हे समुद्रावरील बर्फावरून शेकडो किलोमीटर चालत येतात, तेव्हा हा कृमी स्वालबार्डला पूर्वीही पोचत असणार. पण मधला यजमान नसल्याने तिथे तो टिकत नव्हता. व्होल आले आणि साखळीतली हरवलेली कडी जोडली गेली. १९९९ मध्ये तो कृमी तिथल्या व्होलांच्या यकृतात सापडला. माणसाच्या यकृतात त्याची वाढ कर्करोगासारखी पसरू शकते, म्हणून ही केवळ प्राणिशास्त्रातली गंमत नव्हे.

आणि याच व्होलांनी २०१३ मधील एका गाजलेल्या शोधनिबंधात साक्ष दिली. स्वालबार्डचे रेनडिअर, टार्मिगन नावाचा पक्षी आणि हे व्होल, असे आकाराने आणि स्वभावाने तीन पूर्ण भिन्न शाकाहारी प्राणी. तरी त्यांच्या संख्या एकाच वेळी वाढतात आणि एकाच वेळी पडतात, असे दिसले. हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडून जमीन गोठली, की तिघांचेही ताट एकदम बंद होते. आर्क्टिक कोल्ह्याला त्या वर्षी मेलेल्या जनावरांवर ताव मारता येतो. त्याची पडती वेळ एका वर्षाने येते.

हा पाऊस कधी पडतो? हिवाळ्यात. आणि आपले केंद्र आता हिवाळ्यात चालू असते. नी-ओलेसुंडच्या आसपास व्होल नसतील, पण रेनडिअर आहेत, टार्मिगन आहेत, कोल्हे आहेत आणि तो पाऊसही आहे. गोव्याच्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र 'हिमाद्री' चालवते. तेथील खाडीत २०१४ पासून पाण्याखाली ठेवलेली भारतीय वेधयंत्रे दाखवतात, की सलग नोंदींचे महत्त्व आपल्या सागरशास्त्रज्ञांना पुरेपूर ठाऊक आहे. तीच शिस्त सजीवांच्या बाबतीत का नसावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

उत्तर मला अनुदानाच्या मुदतीत दिसते. आपल्याकडील बहुतेक संशोधन-प्रकल्प तीन वर्षांचे असतात आणि पीएच.डी.ची छात्रवृत्ती पाच वर्षांची. व्होलचे चक्र तीन ते पाच वर्षांचे. तीन वर्षांच्या प्रकल्पाला चढण दिसेल किंवा उतार दिसेल. चक्र दिसणार नाही. उतार दिसलेला विद्यार्थी 'प्रजाती संकटात' असे लिहील, चढण दिसलेला 'उपद्रव वाढला' असे लिहील, आणि दोघेही आपापल्या आकड्यांशी प्रामाणिक असतील. चक्र बदलते आहे की नाही हे ठरवायला तर निदान पाच-सहा चक्रे, म्हणजे वीस-पंचवीस वर्षे हवीत. आपली अनुदान-पद्धती एका संपूर्ण प्रकारच्या प्रश्नांना मुळातच आंधळी आहे, असे मी म्हणतो ते यामुळे.

हा प्रश्न परदेशातलाही नव्हे. व्होल भारतात आहेत. रॉयलचा पर्वतीय व्होल उत्तराखंड आणि हिमाचलाच्या उंच उतारांवर राहतो आणि जगात इतरत्र कुठेही आढळत नाही. लडाखच्या पठारावर ब्लाइथचा व्होल आहे. तिथलाच एक पर्वतीय व्होल फर्डिनंड स्टोलिच्का यांच्या नावाने ओळखला जातो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे हे शास्त्रज्ञ १८७४ मध्ये यारकंदहून परतताना लडाखमध्ये मरण पावले; त्यांचे स्मारक लेहमध्ये आजही आहे. या साऱ्या जातींची नावे एकोणिसाव्या शतकात ठेवली गेली. त्यानंतर त्यांची ओळख मुख्यतः संग्रहालयातील कातड्यांची आणि कवट्यांची राहिली.

जानेवारी २०२४ मध्ये देशातील हिमबिबट्यांची पहिली शास्त्रशुद्ध गणना जाहीर झाली: ७१८. अत्यंत कष्टाचे, अभिमानास्पद काम. पण त्याच उतारांवर लाल कोल्हा, पर्वतीय वीझल, शिकारी पक्षी आणि पॅलसची मांजर ज्यांच्यावर पोसली जातात, त्या व्होलांची आणि पिकांची मोजणी कधी मथळ्यात येत नाही. हिमालयातील हिवाळे बदलत आहेत, हिमाचे आच्छादन कमी दिवस टिकते आहे, याची चर्चा आपण नद्यांच्या पाण्यासाठी करतो. त्या आच्छादनाखाली जगणाऱ्यांचे काय होते, हे उपग्रहाला दिसत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. क्षय आणि हिवताप यांनी ग्रासलेल्या देशाने उंदीर मोजण्यावर पैसा घालवावा काय? पण ही मोजणी स्वस्त आहे. एखाद्या महागड्या उपकरणाच्या किमतीत एका जागेचे वर्षानुवर्षांचे काम होऊ शकते. शिवाय रानटी कृंतकांचे आरोग्याशी नाते हिमालयातही आहेच. शिमला जिल्ह्यात २००२ मध्ये आणि उत्तरकाशीत २००४ मध्ये प्लेगने डोके वर काढले होते. दुसरा आक्षेप प्राण्यांना मारण्याचा. तोही रास्त आहे, आणि त्यावर उपाय निघाला आहे: नॉर्वेच्या संशोधकांनी बर्फाखाली ठेवता येईल अशी बोगद्यासारखी पेटी तयार केली, जिच्यातून जाणाऱ्या प्रत्येक प्राण्याचे छायाचित्र आपोआप टिपले जाते.

हिमालयातील व्होलांची चक्रे असतीलच असे गृहीत धरण्याचे कारण नाही. त्यांतले कित्येक खडकांच्या फटींत राहतात. त्यांचे जीवन स्कँडिनेव्हियाच्या गवताळ व्होलांहून संथ असू शकेल. 'चक्र नाही' हेही मोठे उत्तर ठरेल, पण ते मिळवायलाही तितकीच वर्षे मोजावे लागेल.

दीर्घ नोंदी आपल्याला जमत नाहीत, हे म्हणणे मला मान्य नाही. मुदुमलाईच्या जंगलात भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८८ पासून ५० हेक्टरांच्या एका भूखंडातील झाडांचा हिशेब ठेवला आहे. २०१५ मध्ये पॅरिस हवामान परिषदेच्या सुमारास सरकारने देशभर दीर्घकालीन परिसंस्था-निरीक्षणाची योजना मांडली आणि तीत हिमालयही धरला. म्हणजे तत्त्व मान्य आहे. तेव्हा मागणी नेमकी करू या. लडाख, हिमाचल आणि उत्तराखंडात प्रत्येकी दोन जागा. वर्षातून दोन वेळा, बर्फ वितळल्यावर आणि बर्फ पडण्यापूर्वी. तेच सापळे, त्याच ओळी, बर्फाखाली त्याच पेट्या. काम तिथल्या विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी करावे. दिल्ली-बंगळुरूहून दरवर्षी नवा विद्यार्थी पाठवून ते होणार नाही. निधी एकदम पंधरा वर्षांचा मंजूर व्हावा आणि मूल्यमापन निबंधांच्या संख्येवर न होता एकही हंगाम चुकला नाही ना, यावर व्हावे. आकडे दरवर्षी सर्वांसाठी खुले करावेत. ज्या वर्षी सापळे रिकामे निघतील, त्या वर्षीचेसुद्धा.